पदनाम कोणी बदलायचे?

मे २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने आपल्या अधिकाऱ्यांच्या पदनामांतून 'चीफ' हा शब्द काढून टाकायचे ठरवले. अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींच्या माणसांना तो खुपत होता. गोऱ्यांनी टोळीच्या प्रमुखांना तो लावला आणि पुढे रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही मूलनिवासी पुरुषाला हिणवायला तोच वापरला. त्याआधी दोन वर्षे, २०२० मध्ये, मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहराच्या महापौरांनीही असाच प्रस्ताव मांडला होता. टीकाकारांनी लगेच शब्दकोश उघडले. शब्द मूळचा फ्रेंच, त्याचा मूलनिवासींशी संबंध काय, असा त्यांचा सवाल. मला तो गैरलागू वाटतो. शब्द कुठल्या भाषेतून आला याचा आणि तो किती लागतो याचा काही संबंध नसतो. कोणी, कोणाला, किती पिढ्या तो फेकून मारला, ते पाहावे लागते.

मी गोव्यात ज्यांच्याशी या विषयावर बोललो त्यांतल्या बहुतेकांनी तो हसण्यावारी नेला. अमेरिकेतल्या लोकांना दुसरे उद्योग नाहीत, असा सूर होता. मला त्याचे वाईट वाटते, कारण कामाचे नाव आणि माणसाची लायकी यांची गाठ आपल्याइतकी घट्ट जगात क्वचितच कुठे बांधली गेली असेल. झाडणाऱ्याचे, कातडे कमावणाऱ्याचे, ढोल बडवणाऱ्याचे नाव हीच आपल्याकडे जात झाली आणि ती उच्चारताना आजही लोकांचा आवाज खाली येतो. त्या वादात आपण प्रेक्षक म्हणून बसूच शकत नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. ज्यांच्या अंगावर एखादे पदनाम आहे त्यांनी ते बदलून मागितले, तर आढेवेढे न घेता बदलावे. पण जे नाव वरून, कोणालाही न विचारता बदलले जाते आणि ज्याच्याबरोबर पगार, हक्क, सुरक्षितता यांतले काहीच हलत नाही, ते कितीही गोड असले तरी कामगाराची फसवणूक करते. त्याला विरोध करायला हवा.

नावात काय ठेवले आहे, असे म्हणणारी माणसे बहुधा ज्यांच्या नावाला कोणी कधी नाक मुरडलेले नसते अशी असतात. फोंड्याकडच्या एका शाळेत प्रवेशाच्या दिवसांत मी अर्ज भरून द्यायला बसत असे. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यापाशी एक बाई थांबली. ती रस्ते झाडायची. 'नगरपालिका कर्मचारी' असे लिहिले तर चालेल का, तिने विचारले. चालेल म्हटल्यावर पेन मागून घेऊन तो रकाना तिने स्वतः भरला. कामाची लाज तिला नव्हती, सकाळी सहाला ती त्याच कामावर उभी असे. वर्गात कोणी आपल्या मुलीला त्या रकान्यावरून ओळखू नये, एवढेच तिला हवे होते. नाव बदलून काय होते, असा प्रश्न तिच्यासमोर मांडण्याची माझी हिंमत नाही. खरे तर शाळेला तो रकाना कशासाठी लागतो, हाच आधी विचारण्याचा प्रश्न आहे.

आणि आपल्या गोव्यात एक शब्द असा आहे की त्याला पदनाम म्हणायला कोणी धजणार नाही, पण चालतो मात्र तो पदनामासारखाच. 'घाटी'. घराचा चिरा रचायला, विहीर उपसायला, मांडवाचे खांब पुरायला माणसे हवी असली की 'चार घाटी बघ' असे सांगतात. माणूस बेळगावचा असो, कोल्हापूरचा असो की विजापूरचा, त्याचे गाव, त्याचे नाव, त्याच्या हातातले कसब सगळे त्या एका शब्दात बुडून जाते. गवंडी असला तरी घाटी, सुतार असला तरी घाटी. 'लमाणी' हे एका समाजाचे नाव, तेही असेच मजुरीचे दुसरे नाव होऊन बसले. मराठी बोलणारे आपण गोमंतकीय यात मागे नाही. ज्या घाटावरून आपल्याकडे कीर्तनकार आले, नाटके आली, पुस्तके आली, त्याच घाटाचे नाव आपण मजुराला शिवीसारखे लावतो. हा शब्द टाकायला कोणत्याही सरकारी आदेशाची वाट बघावी लागत नाही.

पदनामाच्या बदलाचे गोव्यातले सर्वांत मोठे उदाहरण तर सरकारी नाहीच. भाविणी, कलावंतिणी, देवळी, बांदे, पेर्णी ही सगळी मुळात देवळातल्या कामांची नावे. कोणी समया लावायच्या, कोणी पालखीपुढे दिवटी धरायची, कोणी देवापुढे गायचे, नाचायचे. शेंस विधी झाला की मुलीचे लग्न देवाशी लागले असे मानायचे, आणि पुढचे तिचे आयुष्य गावातल्या वजनदार पुरुषांच्या मर्जीवर. तिच्या पोटी आलेल्या मुलाला बापाचे नाव लावता येत नसे, आईच्या कामाचे नाव मात्र जन्मभर चिकटत असे. ज्या गळ्यातून उभ्या गोव्याचे संगीत आले, त्या गळ्याच्या धनिणीला हाक मारण्याचा शब्दच अपमानाचा.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या समाजातल्याच माणसांनी ही नावे झुगारली. काणकोणमधल्या पैंगीणचे राजाराम पैंगीणकर त्यांतले अग्रणी. 'गोमंतक मराठा समाज' हे नाव त्यांनी स्वतः घेतले, आणि एकटे घेतले नाही. त्याच्यासोबत शेंस बंद करण्याची चळवळ होती, मुलींची रीतसर लग्ने होती, मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह होता, गाव सोडून मुंबईला जाऊन नव्याने उभे राहण्याचे धाडस होते. देवळातली परंपरेची कामे नाकारल्याबद्दल गावाचा रोष त्यांनी अंगावर घेतला. हे सगळे घडत होते म्हणून नवे नाव टिकले. १९६३ मध्ये गोव्याचे पहिले लोकनियुक्त मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर या समाजातले. नाव बदलले म्हणून ते मुख्यमंत्री झाले असे कोणी म्हणणार नाही. पण आधीच्या पिढीने जुन्या नावाला निमूटपणे ओ देणे चालू ठेवले असते, तर ही वाट उघडली असती असेही मला वाटत नाही. त्या बंडात नावाचा वाटा होता आणि तो वाटा बंडखोरांनी स्वतः ठरवला होता.

याच्या अगदी उलट जे घडले तेही इतिहासात आहे. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी त्यात 'हरिजन' हा शब्द घातलेला होता. भाऊराव गायकवाडांनी त्याला हरकत घेतली, डॉ. आंबेडकरांनी घेतली. सरकार पक्षाने बहुमताच्या बळावर शब्द कायम ठेवला, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी सभागृह सोडून निघून गेले. शब्द देणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता, हे मी मानतो. पण ज्यांचे नामकरण चालले होते त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी समोर बसून नको म्हणत होते. त्यांचा नकार डावलून दिलेला सन्मान हा सन्मान कसा ठरेल? पुढे १९८२ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला जातीच्या दाखल्यांत हा शब्द वापरू नका, असे राज्यांना कळवावे लागले. इकडे पेडण्याच्या बाजूला पत्त्यात 'हरिजनवाडा' लिहिणे अजूनही चालूच आहे. एकदा वरून चिकटवलेले नाव खरवडून काढायला किती पिढ्या लागतात, त्याचा हा दाखला.

रेल्वेने हमालांच्या बाबतीत दोन वेळा दोन वेगळ्या गोष्टी केल्या, आणि त्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात लालूप्रसाद यादवांनी परवानाधारक हमालांना गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, म्हणून घेण्याची घोषणा केली आणि हजारो हमाल रेल्वेच्या कायम नोकरीत गेले. त्यांच्या जुन्या नावाविषयी तेव्हा फारसे कोणी बोलले नाही. २०१६ च्या अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी जाहीर केले की यापुढे त्यांना 'कुली' न म्हणता 'सहायक' म्हणावे. 'कुली' जावा, यात शंकाच नाही. मळ्यांवर कराराने नेलेल्या भारतीय मजुरांना वसाहतवाल्यांनी तो लावला; दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर गांधींनासुद्धा 'कुली बॅरिस्टर' म्हणत. पण हमालाला रेल्वे पगार देत नाही. तो दंडावरच्या बिल्ल्यावर आणि प्रवाशाने दिलेल्या मजुरीवर जगतो. चाकांच्या बॅगा आल्या, सरकते जिने आले, तशी ती मजुरी आटत गेली. 'सहायक' या नावाने ती वाढली नाही. हमालांच्या संघटना आजही मागतात ते २००८ सारखे नोकरीत सामावून घेणे. पहिल्या निर्णयाने घरात पगार आला, दुसऱ्याने शर्टावर नवे अक्षर. मला दोन्ही हवे होते, आणि एकाच वेळी हवे होते.

एकाच वेळी देता येते, हे सहाव्या वेतन आयोगाने दाखवले आहे. शिपाई, फरास, जमादार, चौकीदार, सफाईवाला, माळी अशी जी पदे 'ड' गटात होती ती आयोगाच्या शिफारशीने 'मल्टी टास्किंग स्टाफ' या एका नावाखाली आली आणि 'क' गटात गेली. सोबत १८०० रुपयांचा ग्रेड पे मिळाला. नाव बोजड आहे, उच्चारताना जीभ अडखळते, तरी मला हा बदल मान्य आहे, कारण त्यात वेतनश्रेणीही हलली. रेल्वेने २०२२ मध्ये गार्डांना 'ट्रेन मॅनेजर' म्हणायला सुरुवात केली, तीही त्यांनी स्वतः दीर्घकाळ केलेली मागणी होती, म्हणून तिलाही माझा विरोध नाही. दुखते ते पुढचे. कार्यालयांतले झाडण्यापुसण्याचे काम बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराकडे गेले, आणि कायम माणसासाठी जे सन्मानाचे नाव शोधले होते ते कंत्राटी माणसापर्यंत पोचलेच नाही. तो कंत्राटदाराच्या हजेरीपटावर नुसता 'लेबर' आहे.

आता अपमानाच्या दुसऱ्या जातीकडे येतो. तिच्याकडे आपले लक्ष जात नाही, कारण ती कानाला गोड लागते. एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी चालवणारी बाई 'सेविका' आहे आणि तिच्या हाताखालची 'मदतनीस'. मुलांना शिकवणे, आहार देणे, वजन-उंचीच्या नोंदी ठेवणे, गरोदर बायांच्या याद्या करणे, शिवाय सरकारच्या मनात येईल ते सर्वेक्षण करणे, एवढे सगळे तिने करायचे. पण सेवा करणारीला पगार कशाला, मानधन पुरे! हा सगळा हिशेब त्या एका पदनामावर उभा राहिला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला, तेव्हा योजनेला ४७ वर्षे होत आली होती. कितीतरी बाया त्याआधीच निवृत्त झाल्या आणि रिकाम्या हाताने घरी गेल्या. 'सेविका' या नावात कोणालाच अपमान दिसत नाही. मला दिसतो, आणि तो पुष्कळ शिव्यांपेक्षा महागात पडलेला आहे.

पणजीत भर पावसात पाठीवर जेवणाचा डबा बांधून स्कूटर हाकणारा पोरगा कंपनीच्या भाषेत 'पार्टनर' आहे. भागीदाराला नफ्यात वाटा असतो. हा घसरून पडला तर त्या दिवसाची कमाई बुडते आणि दवाखान्याचे बिल त्याच्याच खिशातून जाते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' यांची व्याख्या प्रथमच आली. 'कामगार' हा शब्द साधा आहे, त्यात कोणता मान नाही. पण कायदा त्याच्यामागे उभा राहतो, म्हणून मला तो 'पार्टनर'पेक्षा कितीतरी सन्मानाचा वाटतो.

हीच गोष्ट गटारात उतरणाऱ्या माणसाची, आणि तिथे तर जीव जातो. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या, असे सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख झाली. या काळात या कामगाराला किती नावे मिळाली! सफाई कर्मचारी, स्वच्छतादूत, कोरोनाच्या साथीत योद्धा, २०२० च्या अखेरीस केंद्राच्या मोहिमेत 'सफाईमित्र'. आणि संसदेत मृत्यूंचा आकडा विचारला तेव्हा सरकारचे उत्तर आले की हाताने मैला उचलताना कोणीही मेलेले नाही. जे मेले ते गटारे आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करताना मेले. म्हणजे माणूस तोच, टाकी तीच, विषारी वायू तोच, पण कायद्यातले नाव दुसरे असल्यामुळे तो या खात्यात मोजायचा नाही. नावे बदलण्याच्या कामाची मला जी धास्ती वाटते ती इथे आहे. घृणास्पद नाव पुसताना घृणास्पद काम शिल्लक राहिले, तर त्या कामाचा बळी नोंदवायला शब्दच उरत नाही. गोव्यात घरोघरी सेप्टिक टँक आहेत. टँकरच्या नळीने न निघालेला तळाचा गाळ काढायला कोणाला बोलावले जाते, आणि त्याचे नाव कुठे नोंदले जाते, हे एकदा प्रत्येकाने आपल्या घरात विचारावे.

'मुंडकार' हा शब्दही मला याच कारणासाठी घाईने टाकावासा वाटत नाही. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात (माडांच्या बागेत) घर करून राहणारा, माडांची राखण करणारा, बोलावणे आले की आपले शेत सोडून फुकट राबायला जाणारा. त्यांच्या नातवंडांना हा शब्द ऐकवत नाही, आणि ते साहजिक आहे. आपण आता शिकलो, नोकरीला लागलो, मग हे बिरुद कशाला, असे ती म्हणतात. पण १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने घरातून न हुसकले जाण्याचा आणि घराखालची जागा विकत घेण्याचा जो हक्क दिला तो याच नावाने दिला. मामलेदाराकडे मुंडकार म्हणून नोंद झाली तरच तो मिळतो. कित्येक दावे अजून पडून आहेत. उद्या एखाद्या सहृदय माणसाने हा शब्द अपमानाचा ठरवून सरकारी कागदांतून काढायला लावला, तर सर्वांत जास्त आनंद भाटकाराच्या वकिलाला होईल. शेवटच्या मुंडकाराच्या हातात घराची सनद पडू दे, मग तो शब्द खुशाल इतिहासात जावो.

तुरुंगांच्या बाबतीत न्यायालयाने जे केले ते मला नमुना म्हणून दाखवावेसे वाटते. पश्चिम बंगालच्या तुरुंग नियमावलीत झाडूवाले मेहतर किंवा हाडी जातीतून निवडावेत, असे लिहिलेले होते. दुसऱ्या राज्यांतही स्वयंपाक उच्च जातीच्या कैद्याने करायचा, अशा तरतुदी होत्या. सुकन्या शांता या पत्रकाराने याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. मेहतराला नवे गोंडस नाव देऊन झाडू त्याच्याच हातात ठेवता आला असता. न्यायालयाने त्या वाटणीलाच हात घातला.

परदेशातही सोपे आधी आणि अवघड नंतर, असेच घडते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने एप्रिल २०१६ मध्ये वसतिगृह-महाविद्यालयांच्या प्रमुखांचे 'मास्टर' हे पदनाम रद्द केले, कारण त्या शब्दाला गुलामांच्या धन्याची सावली होती. त्याच वेळी गुलामगिरीचा कट्टर समर्थक जॉन कॅल्हून याचे एका महाविद्यालयाला दिलेले नाव मात्र कायम ठेवण्याचा निर्णय झाला. दोन महिन्यांनी त्याच महाविद्यालयाच्या खाणावळीत काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय कामगाराने झाडूच्या दांड्याने एक रंगीत काच फोडली. त्या काचेवर कापूस वाहणारे गुलाम रंगवलेले होते आणि ती त्याला रोज कामावर बघावी लागत होती. त्याला अटक झाली, नोकरी गेली, लोकांनी आवाज उठवल्यावर पुन्हा कामावर घेतले गेले. कॅल्हूनचे नाव २०१७ मध्ये उतरले. प्राध्यापकाचे पदनाम काय असावे यावर विद्यापीठाने खूप विचार केला होता. ताटे-भांडी सांभाळणाऱ्या माणसाला भिंतीवर काय बघावे लागते, हे मात्र त्याने काच फोडेपर्यंत कोणी विचारले नव्हते.

एक धोका मला वेगळ्या दिशेने दिसतो, तो थोडक्यात सांगतो. उत्साहाच्या भरात आपण चांगली नावेही पुसू. पहाटे भोंगा वाजवत येणारा पाववाला पोदेर, माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा रेंदेर, यांची नावे जुनी आणि गावठी वाटतात म्हणून ती बदलावीत असे कोणाला वाटू शकते. त्या माणसांनी तसे मागितल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. त्यांची तक्रार लाकडाच्या भावाची, मैद्याच्या भावाची, माडावरून पडल्यावर मिळणाऱ्या भरपाईची आहे. मोटारसायकलवर प्रवासी नेणाऱ्याला तर गोव्यात 'पायलट' म्हणतात. हे नाव कोणत्या मंत्र्याने दिले नाही, रस्त्यावरच रुजले, आणि पिवळ्या-काळ्या गाडीवर बसलेला पायलट ते ताठ मानेने सांगतो.

मग करायचे काय? गोव्यात १३ नगरपालिका आहेत आणि पणजीची महानगरपालिका. प्रत्येकीने आपल्या सफाई कामगारांची सभा घ्यावी. कायम माणसांबरोबर कंत्राटी माणसांनाही बोलवावे, कन्नड बोलणाऱ्यांसाठी दुभाषा ठेवावा, आणि त्यांना काय म्हणवून घ्यायचे आहे ते विचारावे. एकमत होईलच असे नाही. तरुणांना 'कर्मचारी' हवे असेल. जुन्या माणसांना 'सफाई कामगार' हेच नाव राखायचे असेल, कारण संघटनेने लढून मिळवलेले करार त्या नावाने झालेले आहेत. दोघांचेही ऐकावे. सभेत जे ठरेल ते अधिकाऱ्यांना आवडो न आवडो, तसेच कागदावर यावे. त्याच सभेत हातमोजे, गमबूट, पावसाळी कोट, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक यांचीही यादी व्हावी आणि पदनामाचा ठराव या यादीशिवाय मंजूर करू नये.

एवढा खर्च कशाला, असे म्हणणारे भेटतील. पाट्या आणि ओळखपत्रे छापायचा खर्च नगण्य आहे. त्यांना डाचतो तो दुसरा खर्च, पगाराचा आणि सुरक्षिततेचा, आणि तो टाळण्यासाठीच तर गोड नावांची एवढी चलती आहे. म्हणून आणखी एक अट मला महत्त्वाची वाटते. नवे पदनाम देणाऱ्या आदेशातच असे कलम असावे की जुन्या नावाखाली केलेली सगळी सेवा, तिच्यावरची ज्येष्ठता, ग्रॅच्युइटी, भरपाईचे आणि पुनर्वसनाचे दावे नव्या नावाखाली जसेच्या तसे चालू राहतील, आणि कंत्राटदार बदलला तरी तुटणार नाहीत. हे कलम नसेल तर कामगारांनी नवे नाव नाकारावे, आणि पालिकेच्या दारात ते नाकारायला उभे राहतील तेव्हा आपण त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहावे.